निकाल पेन्सिलीने लिहा: इथे बसून नायजेरियाचं ॲथलेटिक्स कसं पाहावं

२४ जुलै २०२२, रविवार. सकाळी सात वाजता आमच्या पुण्यातल्या सोसायटीत निम्म्या घरांतून टीव्हीचा आवाज येत होता. अमेरिकेत युजीनला जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतली भालाफेकीची फायनल होती. नीरज चोप्राने ८८.१३ मीटर भाला फेकून रौप्यपदक घेतलं आणि लोक पोह्यांकडे वळले. सोमवारी त्याच वेळेला मी एकटीच जागी होते. शंभर मीटर अडथळ्यांच्या सेमीफायनलमध्ये टोबी अमुसान नावाच्या नायजेरियन मुलीने १२.१२ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता आणि आता ती फायनलला उभी होती. घड्याळावर १२.०६ दिसलं तशी मी ओरडले. आई स्वयंपाकघरातून आली, पडद्याकडे बघितलं, म्हणाली, "आपली आहे का?" नाही म्हटलं. "मग?"

मी नायजेरियाची धावपळ कशी पाहते, हे लोक आता मला विचारतात, कारण त्यांनाही एखादी शर्यत आवडलेली असते आणि पुढे कुठे शोधायचं ते कळत नाही. ते साहजिक आहे. नायजेरियन खेळाडू एका जागी सापडत नाहीत. कुणी अलाबामात शिकतो, कुणी युरोपात शर्यती पळते, कुणी लागोसमध्ये उन्हात ट्रायल्सची वाट बघत बसलेला असतो. गेल्या काही वर्षांत धडपडून जी पद्धत बसली ती इथे मांडते.

पहिली पायरी: वही, आणि आठच नावं

ॲप वगैरे नंतर. आधी एक दोनशे पानी वही घ्या आणि पेन्सिल घ्या. पेन नको, का ते शेवटी सांगते. प्रत्येक खेळाडूला एक पान. पानावर वरच्या बाजूला पूर्ण नाव, प्रकार, कुठल्या राज्याची, सध्या सराव कुठे करते आणि सर्वोत्तम कामगिरी, तारीख आणि वाऱ्याच्या आकड्यासकट. खाली रेघा मारून वर्षाच्या शर्यती.

सगळा संघ पाठ करायला जाऊ नका. आठ नावं पुरेत. माझ्या वहीत पहिल्यांदा ही होती आणि अजूनही सुरुवातीला हीच सुचवीन.

अमुसान तर हवीच. ती ओगुन राज्यातल्या इजेबू ओडेची, १९९७ सालची. टेक्ससमधल्या एल पासोच्या विद्यापीठात शिकली, २०१७ मध्ये तिथून अमेरिकी कॉलेज विजेती झाली. २०१८ आणि २०२२ ची राष्ट्रकुल सुवर्णं तिचीच, २०२१ पासून सलग तीन वर्षं डायमंड लीग या वार्षिक स्पर्धामालिकेचा चषकही. पण तिचं पान वाचनीय होतं ते हरलेल्या शर्यतींमुळे. टोकियो ऑलिम्पिकला चौथी, पॅरिसला सेमीफायनलमध्येच बाहेर. आणि मग सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच टोकियोत जागतिक स्पर्धेत १२.२९ पळून रौप्य. स्वित्झर्लंडची दिताजी कांबुंजी १२.२४ पळून पुढे गेली. ही शर्यत आपल्याकडे संध्याकाळी होती, त्यामुळे या वेळी आईही शेजारी बसली होती. तिने पुन्हा "मग?" विचारलं नाही. "दुसरी आली होय," एवढंच म्हणाली.

दुसरी एसे ब्रुमे, लांब उडी. डेल्टा राज्यातली. टोकियो ऑलिम्पिकचं कांस्य ६.९७ मीटरवर, युजीनला ७.०२ उडी मारून रौप्य. २०२१ मधली तिची ७.१७ ची उडी आफ्रिकेतला विक्रम आहे. उंच उडी नि लांब उडी बघताना आपण फक्त शेवटचा आकडा बघतो. ब्रुमेची मजा तिच्या सहाही उड्या ओळीने लिहून काढण्यात आहे.

मग फेव्हर ओफिली, २०० मीटर, पॅरिसला फायनलमध्ये सहावी. सॅम्युएल ओगाझी, ४०० मीटर, अलाबामा विद्यापीठाचा. पॅरिसची फायनल त्याने गाठली, तेव्हा १९८८ च्या इनोसंट एग्बुनिकेनंतर पुरुषांच्या ४०० मीटरमध्ये तिथवर पोहोचलेला तो पहिलाच नायजेरियन. कायिन्सोला अजायी, १०० मीटर, ऑबर्न विद्यापीठ, २०२५ च्या टोकियो फायनलमध्ये धावलेला. एझिकिएल नथॅनियल, ४०० मीटर अडथळे, बेलर विद्यापीठ, टोकियोत ४७.११ पळून चौथा आला आणि त्याच्या मागे कोण होतं तर या प्रकाराचा विश्वविक्रमवीर, नॉर्वेचा कार्स्टन वॉरहोम. चुकवुएबुका एनेक्वेची, गोळाफेक, जन्म न्यूयॉर्कचा. आणि उदोदी ओन्वुझुरिके, जो २०२१ मध्ये नैरोबीत वीस वर्षांखालच्या २०० मीटरचा जगज्जेता झाला.

झाली आठ. पुढची नावं आपोआप येतात, कारण रिलेत चार लागतात.

दुसरी पायरी: नावं आणि अक्षरं

हे क्षुल्लक वाटेल, पण माझा पहिला महिना यातच गेला. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या संकेतस्थळावर देशानुसार यादी गाळता येते. मी झोकात 'एनआयजी' निवडलं आणि तासभर बघत बसले की एवढ्या मोठ्या देशात धावपटू इतके कमी कसे. एनआयजी म्हणजे नायजर, उत्तरेचा शेजारी. नायजेरियाचं खेळातलं चिन्ह 'एनजीआर'. फुटबॉलवाले पुन्हा 'एनजीए' वापरतात. तसंच बेनिन सिटी हे नायजेरियातल्या एडो राज्याचं शहर, शेजारचा बेनिन देश वेगळा. बेनिन सिटीत राष्ट्रीय स्पर्धा वारंवार होतात, त्यामुळे ही चूक बातम्या शोधताना हमखास होते.

नावांचं म्हणाल तर ती नुसती लांब नाहीत, बोलकी आहेत. अमुसानचं पूर्ण नाव ओलुवाटोबिलोबा. योरुबा भाषेत त्याचा अर्थ साधारण 'देव हा थोर राजा आहे'. 'ओलु' किंवा 'आयो' नावात दिसलं की बहुधा योरुबा, नैऋत्येकडची मंडळी. 'चुकवु' किंवा 'ची' असेल तर इग्बो, आग्नेयेकडची. 'ओघेने' असेल तर डेल्टातल्या उऱ्होबो लोकांपैकी. आपण कुलकर्णी, पाटील, नाईक यावरून जसा मनात नकाशा काढतो तसंच, आणि तसंच ते कधीकधी चुकतंही.

शोध घेताना पूर्ण आणि आखूड दोन्ही नावं टाका. निकालपत्रकात ओलुवाटोबिलोबा असेल, बातमीत टोबी. आणि फेव्हर म्हणून शोधलं तर ओफिलीबरोबर फेव्हर ॲशे हा शंभर मीटरवालाही येतो. पानं वेगळी ठेवा.

तिसरी पायरी: चार कॅलेंडरं एका भिंतीवर

इथे थोडं बसून काम करावं लागतं. वर्षातून एकदाच, डिसेंबरात.

पहिलं कॅलेंडर अमेरिकी कॉलेजांचं. डिसेंबर ते मार्च छताखालच्या शर्यती, मार्चअखेरपासून मैदानी, आणि जूनच्या मध्यावर राष्ट्रीय फायनल. नायजेरियाचे तरुण धावपटू शिष्यवृत्तीवर तिकडे जातात, कारण घरी ट्रॅक, प्रशिक्षक आणि डॉक्टर एका ठिकाणी मिळणं कठीण. म्हणून मे महिन्यात 'नायजेरिया' असं शोधून काही सापडत नाही. अलाबामा, ऑबर्न, बेलर, लुइझियाना असं शोधावं लागतं. २०२५ च्या जूनमध्ये ओगाझीने ४०० मीटर आणि नथॅनियलने ४०० मीटर अडथळे जिंकले, ते दोन्ही कॉलेजच्या बनियनमध्ये. नायजेरियाचा हिरवा-पांढरा कुठेच नव्हता. या स्पर्धांचे निकाल अमेरिकी कॉलेजांच्या सामाईक निकाल-संकेतस्थळावर, टीएफआरआरएसवर, फुकट मिळतात. प्रत्येक विद्यापीठाचं पान तिथे आहे. मी रविवारी सकाळी चहाबरोबर तेवढंच बघते.

एक धोक्याची सूचना. कॉलेजचा धावपटू जूनपर्यंत पिळून निघालेला असतो. जानेवारीपासून दर आठवड्याला धावायचं, शिवाय संघासाठी रिले. त्यामुळे मे महिन्यातला झणझणीत वेळ बघून ऑगस्ट-सप्टेंबरातल्या पदकाची स्वप्नं रंगवू नका. २०१९ मध्ये दिव्हाइन ओडुडुरूने ऑस्टिनला एकाच दिवशी १०० मीटर ९.८६ आणि २०० मीटर १९.७३ असे पळून काढले. मी त्या दिवशी त्याच्या पानावर तीन उद्गारचिन्हं काढली होती. त्या वर्षीचं जागतिक पदक त्याला मिळालं नाही, आणि २०२३ मध्ये उत्तेजकांच्या प्रकरणात सहा वर्षांची बंदी आली. उद्गारचिन्हं खोडली.

दुसरं कॅलेंडर डायमंड लीगचं, वसंतापासून सप्टेंबरपर्यंत. तिसरं मोठ्या स्पर्धांचं: जागतिक, ऑलिम्पिक, राष्ट्रकुल, आफ्रिकी. चौथं नायजेरियातलं, त्याचं पुढे सांगते.

वेळेचं गणित भिंतीवरच लिहून ठेवा. लागोस आपल्या साडेचार तास मागे आहे आणि तिथे उन्हाळी वेळ नावाचा प्रकार नाही, त्यामुळे हे वर्षभर बदलत नाही: तिकडे दुपारचे चार म्हणजे इथे रात्रीचे साडेआठ. युरोपातली रात्री आठची शर्यत उन्हाळ्यात आपल्याकडे साडेअकराला. युजीनची संध्याकाळी सातची शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला. तारीख बदलते हे विसरू नका. मी विसरले होते. गजर लावला बरोबर वाजता, चुकीच्या दिवशी, आणि चोवीस तासांपूर्वी संपलेल्या शर्यतीची वाट बघत बसले.

प्रक्षेपणाचे हक्क दर वर्षी हात बदलतात, म्हणून इथे वाहिनीचं नाव देत नाही. स्पर्धेच्या आठवडाभर आधी आयोजकांच्या संकेतस्थळावर 'भारत' शोधा. जागतिक संघटनेच्या यूट्यूब वाहिनीवर निदान शर्यतींचे तुकडे येतातच.

चौथी पायरी: घरची स्पर्धा, जी दिसत नाही

नायजेरियाच्या ॲथलेटिक्स महासंघाची राष्ट्रीय स्पर्धा, म्हणजेच ट्रायल्स, हा वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा आणि बाहेरच्यांना सगळ्यात कमी दिसणारा भाग. २०२१ ची ऑलिम्पिक निवड लागोसच्या याबा कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजीच्या मैदानावर झाली. २०२२ पासून सलग तीन वर्षं बेनिन सिटीचं सॅम्युएल ओग्बेमुदिया स्टेडियम. प्रक्षेपण असलं तरी मोबाइलवरून केल्यासारखं, मध्येच तुटणारं. निकाल कधी कागदाचा फोटो म्हणून येतो, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा दिसतो. मला त्या अंगठ्याचं आता प्रेम वाटतं.

काय करायचं? तीन ठिकाणं उघडी ठेवायची. एक, मेकिंग ऑफ चॅम्पियन्स ही लागोसची संस्था. ते क्लबही चालवतात, बातम्याही देतात आणि शाळकरी मुलांसाठी एमटीएन चॅम्प्स नावाची स्पर्धामालिकाही भरवतात. उद्याचे चेहरे तिथे आधी दिसतात. दोन, नायजेरियन वर्तमानपत्रं: पंच, व्हॅन्गार्ड, प्रीमियम टाइम्स आणि खेळाला वाहिलेलं कम्प्लीट स्पोर्ट्स. तीन, खेळाडूंची स्वतःची समाजमाध्यमं. जखमी आहे की नाही, व्हिसा मिळाला की नाही, हे तिथेच आधी कळतं.

वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर मात्र फुटबॉलचं साम्राज्य. आपल्याकडे क्रिकेटचं आहे तेच. १९९६ मध्ये अटलांटाला चिओमा अजुन्वाने पहिल्याच उडीत ७.१२ मीटर गाठून नायजेरियाला इतिहासातलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं, २ ऑगस्टला. ३ ऑगस्टला फुटबॉल संघाने अर्जेंटिनाला ३-२ हरवून दुसरं सुवर्ण घेतलं. रस्त्यावर लोक कोणत्या सुवर्णासाठी नाचले असतील ते सांगायला नको. तेव्हा शोधताना 'ॲथलेटिक्स' बरोबर खेळाडूचं नाव किंवा 'ट्रायल्स' जोडा, नाहीतर पहिली वीस पानं फुटबॉलचीच.

राष्ट्रीय क्रीडा महोत्सवही बघा. १९७३ पासूनची ही स्पर्धा राज्याराज्यांत होते आणि डेल्टा राज्य तिथे वर्षानुवर्षं पुढे असतं. मे २०२५ मध्ये तो ओगुन राज्यात झाला, जुलैमध्ये त्याच राज्यातल्या अबेओकुटाला आफ्रिकेतली वीस वर्षांखालची स्पर्धा झाली. खेळाडू कुठल्या राज्याकडून खेळते हे वहीत असलं की या महोत्सवाच्या बातम्या एकदम अर्थपूर्ण होतात, कारण पगार, नोकरी, बक्षीस हे पुष्कळदा राज्याकडून येतं. सरकारी बातमीसाठी आता क्रीडा मंत्रालय शोधू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते मोडून त्याच्या जागी राष्ट्रीय क्रीडा आयोग आणला.

पाचवी पायरी: आकडा पुसून बघा

नायजेरिया म्हणजे मुख्यतः वेगाच्या शर्यती, अडथळे आणि उड्या. इथे वारा सगळ्यात महत्त्वाचा. पाठीमागून सेकंदाला २.० मीटरपर्यंतचा वारा चालतो. त्याहून जास्त असेल तर शर्यत ग्राह्य, विक्रम नाही. अमुसानच्या सेमीफायनलला वारा ०.९ होता, म्हणून १२.१२ हा विश्वविक्रम. फायनलला २.५, म्हणून १२.०६ हे सुवर्ण आहे पण विक्रम नाही. आकड्यापुढे 'डब्ल्यू' दिसलं की हेच समजा.

स्थानिक स्पर्धेचा वेळ एकाच दशांशावर आला, म्हणजे १०.१ असा, तर तो हाताने घेतलेला असण्याची दाट शक्यता. तो विद्युत वेळेशी ताडू नका. वहीत त्याला कंस करा. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांवरच्या मैदानातला आकडा 'ए' अक्षराने येतो. हवा विरळ, वेग जास्त. एल पासो हजाराच्या वर आहे, नैरोबी तर पुष्कळच वर. नैरोबीत २०२१ ला ओन्वुझुरिके २०.२१ पळाला, ते वाचताना हे लक्षात असू द्या. त्याने सुवर्ण कमी होत नाही, पुढच्या अपेक्षा जागेवर येतात.

मोठं 'क्यू' म्हणजे क्रमांकाने पुढे गेली, छोटं म्हणजे वेळेच्या जोरावर. डीएनएस म्हणजे धावलीच नाही. नायजेरियाच्या बाबतीत डीएनएस दिसलं की मी थेट सहाव्या पायरीवर जाते.

सहावी पायरी: मैदानाबाहेरचं पान

वहीच्या मागच्या बाजूने एक वेगळा विभाग सुरू करा. हा भाग टाळून हा संघ समजत नाही.

टोकियो ऑलिम्पिकपासून सुरुवात करू. २०२१ मध्ये नायजेरिया उत्तेजक चाचणीच्या दृष्टीने जोखमीच्या 'अ' वर्गातला देश होता. अशा देशाच्या खेळाडूची मोठ्या स्पर्धेआधीच्या दहा महिन्यांत, स्पर्धेबाहेर, न सांगता, किमान तीनदा चाचणी झालेली असावी लागते. ती करवून घेणं ही महासंघाची जबाबदारी. स्पर्धेच्या तोंडावर यादी लागली: अपात्र अठरा, त्यांतले दहा नायजेरियाचे. त्यांपैकी कुणी काही घेतलेलं नव्हतं. चाचण्यांचा हिशेब पुरा झाला नव्हता. ऑलिम्पिक गावात खेळाडू फलक घेऊन उभे राहिले.

त्या दहांत ॲनेट एचिकुन्वोके होती, हातोडाफेकीची, अमेरिकेत ओहायोला वाढलेली. आईवडिलांच्या देशाकडून खेळायला आली आणि वर्तुळात पाऊलही न टाकता परत गेली. नंतर अमेरिकेकडून खेळू लागली. पॅरिस २०२४ मध्ये तिने ७५.४८ मीटर हातोडा फेकला आणि रौप्य घेतलं. त्या ऑलिम्पिकमध्ये नायजेरियाचं एकूण पदक: शून्य. माझ्या वहीत तिचं पान अजून आहे. देशाचं नाव खोडून वर 'यूएसए' लिहिलंय.

टोकियोतच शंभर मीटरची सेमीफायनल तोंडावर असताना ब्लेसिंग ओकाग्बारेला निलंबित केलं. २०१३ च्या मॉस्को स्पर्धेत लांब उडीचं रौप्य आणि २०० मीटरचं कांस्य घेणारी ही बाई देशाची राणी होती. २०२२ मध्ये दहा वर्षांची बंदी आली, पुढे आणखी एक वर्ष वाढलं. एकाच स्पर्धेत दहा जण काही न करता बाहेर आणि एक जण करून बाहेर. दोन्ही बातम्या एकाच मथळ्यात आल्या आणि लोकांनी अकराही जणांना एकाच मापाने मोजलं. म्हणून मागच्या विभागात तीन रकाने ठेवा: चाचणीत दोषी, चाचण्यांचा हिशेब अपुरा, आणि ठिकाण कळवण्यात चूक, म्हणजे चाचणीवाले आले तेव्हा खेळाडू कळवलेल्या जागी नसणं वगैरे. तिसरा रकाना अमुसानमुळे आला. २०२३ च्या जुलैत तिच्यावर तीन चाचण्या चुकवल्याचा आरोप ठेवला गेला. ऑगस्टमध्ये, बुडापेस्टची जागतिक स्पर्धा दोन दिवसांवर असताना, लवादाने तिला मोकळं केलं. ती धावली, सहावी आली. ते सहावं स्थान नुसतं वाचलं तर काय कळणार?

चौथा रकाना मी पॅरिसनंतर आखला: 'कागदपत्र'. ओफिलीचं नाव शंभर मीटरच्या प्रवेशयादीत घातलंच गेलं नव्हतं, पात्र असूनही. तिने ते स्वतः जाहीर केलं, चौकशीच्या घोषणा झाल्या, ती २०० मीटर पळाली.

अशा बातम्यांसाठी उत्तेजकांची प्रकरणं हाताळणाऱ्या ॲथलेटिक्स इंटिग्रिटी युनिटचं संकेतस्थळ बघा. निलंबितांची यादी आणि निकालपत्रं तिथे असतात. व्हॉट्सॲपवर फिरणारं आधी आणि मूळ निकालपत्र नंतर, असं करू नका. निकालपत्रं कंटाळवाणी असतात हे खरं. पण अमुसानचं प्रकरण मी तिथेच वाचून समजून घेतलं, आणि तोवर चारचौघांत बोललेले दोन शब्द गिळावे लागले.

सातवी पायरी: जापा

हा योरुबा शब्द आज सगळ्या नायजेरियाच्या तोंडी आहे. अर्थ धूम ठोकणं. वापर देश सोडून बाहेर जाण्यासाठी. डॉक्टर जापा करतात, नर्स करतात, धावपटूही करतात. फ्रान्सिस ओबिक्वेलू पोर्तुगालकडून धावला आणि अथेन्स २००४ मध्ये ९.८६ पळून शंभर मीटरचं रौप्य घेतलं. ग्लोरिया अलोझी स्पेनकडे गेली. ओनित्शाला जन्मलेली सल्वा ईद नासेर बहरीनकडून २०१९ मध्ये ४०० मीटर ४८.१४ पळून जगज्जेती झाली.

यांचं एक पान हवं, 'गेलेले' म्हणून. २०१८ पासून नियम कडक झाले: देश बदलायचा तर साधारण तीन वर्षं थांबावं लागतं आणि वय वीसच्या आत चालत नाही. एखाद्याने देश बदलल्याची बातमी आली की लगेच खोडाखोड करू नका. खेळाडूची घोषणा, महासंघाचा होकार आणि जागतिक संघटनेची मान्यता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी झाल्यावरच पान हलवा.

आठवी पायरी: माणसांशी बोला

पुण्यात नायजेरियन विद्यार्थी बरेच आहेत, आणि त्यांच्याशी आपलं वागणं नेहमीच अभिमान वाटावा असं नसतं. घर भाड्याने देताना लोक काय काय बोलतात ते मी जिन्यात उभं राहून ऐकलंय. आमच्या खालच्या मजल्यावर काही महिने बेनिन सिटीचा एक मुलगा राहायचा. मी पहिल्याच भेटीत लिफ्टमध्ये "ओगाझी माहीत आहे का?" असं विचारलं. तो गोंधळला. मग हसून म्हणाला, आधी गुड मॉर्निंग म्हणायचं असतं, आंटी. तिकडे नमस्कार-चमत्कार, घरच्यांची चौकशी, हे झाल्याशिवाय कामाचं बोलणं उद्धटपणाचं. आपल्या गावाकडे नाही का, "बसा, पाणी घ्या" झाल्याशिवाय विषय निघत नाही.

पिजिनमधले, म्हणजे तिकडच्या मिश्र इंग्रजी बोलीतले, दोन शब्द त्याने शिकवले. 'हाउ फार?' म्हणजे कसं काय, त्याला अंतर सांगायचं नसतं. 'वाहाला' म्हणजे भानगड, कटकट. 'नो वाहाला' म्हणजे काही हरकत नाही. काम करत असलेल्या माणसाला नुसतं 'वेल डन' म्हणतात, आपण 'चाललंय का' म्हणतो तसं. महासंघावर ते लोक स्वतः हवी तेवढी टीका करतात. आपण पाहुण्यांनी त्यात सूर मिसळताना जरा बेतानं.

त्यानेच एक गोष्ट लक्षात आणून दिली. मी त्याला अमुसानचा युजीनचा पदकसमारंभ दाखवत होते, ती रडते आहे तो. तो म्हणाला, हे राष्ट्रगीत आता नाही. खरंच, मे २०२४ मध्ये नायजेरियाने १९६० चं जुनं राष्ट्रगीत परत आणलं.

नववी पायरी: प्रत्यक्ष बघायचं असेल तर

टोकियो, बुडापेस्ट, युजीन हे खिशाचं काम. २०२६ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा ग्लासगोला, २३ जुलैपासून. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या मराठी मंडळींना ट्रेनने जाता येईल. आपल्यासाठी खरी संधी २०३० ची: राष्ट्रकुल अहमदाबादला आहे. गंमत अशी की त्या यजमानपदासाठी समोर अबुजा, म्हणजे नायजेरियाची राजधानीच होती. मी या निकालावर काय म्हणावं? मुंबईहून एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर रिले बघायला मिळणार म्हणून खूश, आणि खालच्या मजल्यावरच्या त्या मुलाला मेसेज करताना जरा ओशाळी.

तिकीट काढताना अंतिम रेषेजवळची महागडी जागा घेऊ नका. ४ बाय १०० रिले बघायची तर दुसऱ्या वळणावर बसा, जिथे बॅटन हातातून हातात जातो. हा संघ बहुधा तिथेच जिंकतो नाहीतर तिथेच हरतो. दिल्लीत २०१० मध्ये महिलांच्या ४ बाय ४०० मध्ये भारताने सुवर्ण घेतलं तेव्हा दुसरा नायजेरिया होता.

आणि पेन्सिल

त्याच दिल्लीत ओलुदामोला ओसायोमीला शंभर मीटरचं सुवर्ण मिळालं होतं. काही दिवसांत चाचणीचा निकाल आला आणि सुवर्ण काढून घेतलं. बर्मिंगहॅम २०२२ मध्ये अमुसान, ओफिली, रोझमेरी चुकवुमा आणि ग्रेस न्वोकोचा या चौघी ४ बाय १०० मध्ये ४२.१० पळाल्या, सुवर्ण. मी ते पानभर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. न्वोकोचाच्या चाचणीनंतर तो निकाल रद्द झाला. तेव्हापासून पेन बंद.

खोडरबर दुसऱ्या बाजूनेही चालतो. सिडनी २०००, पुरुषांची ४ बाय ४०० रिले. क्लेमेंट चुक्वु, ज्यूड मोन्ये, संडे बाडा, एनेफिओक उडो-ओबोंग. २:५८.६८. शेवटच्या काही मीटरांत उडो-ओबोंगने जमैकाच्या माणसाला गाठलं आणि नायजेरिया दुसरा आला, अमेरिकेच्या मागे. आठ वर्षांनी अमेरिकेच्या अँटोनियो पेटिग्र्यूने उत्तेजक घेतल्याची कबुली दिली. अमेरिकेचं पदक गेलं. ऑलिम्पिक समितीने नायजेरियाचं रौप्य बदलून सुवर्ण केलं ते जुलै २०१२ मध्ये.

मी तो निकाल जुन्या पानावर दुरुस्त केला तेव्हा 'रौप्य' पूर्ण खोडलं गेलं नाही, खाली पुसट दिसतं. चौघांच्या नावांपुढे 'सुवर्ण' लिहिलं. तिसऱ्या नावाशी, संडे बाडाशी, थांबून तारीख तपासली. तो डिसेंबर २०११ मध्ये गेला होता.